रक्ताचा कर्करोग उलटलेल्यांसाठी औषधजोड्यांच्या चाचण्या बंद नकोत, उघड्या हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाच्या रुग्णांवर चालणाऱ्या औषध चाचण्यांबद्दल लिहिले होते. रुग्ण अगतिक असतो, डॉक्टर दाखवतील तिथे सही करतो, तेव्हा हे प्रकार बंदच करावेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा राग पोकळ नाही. औषध चाचण्यांतल्या मृत्यूंचा आणि बेपर्वाईचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि २०१३ साली न्यायालयाने सरकारला कडक शब्दांत सुनावले होते. नियम आवळले गेले ते त्यानंतर. पण ‘बंद करा’ या मागणीची झळ ज्यांना बसेल त्यांच्यापैकी एक जण माझ्या घरात आहे, म्हणून हे पत्र.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून टर्नर म्हणून निवृत्त झाला. राहायला दापोडीत. पाठ दुखते म्हणून बरेच दिवस शेक, पट्टा, मलम चालले होते. एका सकाळी गॅसचा सिलिंडर सरकवताना बरगडी मोडली आणि तपासण्यांतून मल्टिपल मायलोमा निघाला. हा रक्ताचा कर्करोग अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा. त्या बेसुमार वाढतात, हाडे पोखरतात, मूत्रपिंडे बिघडवतात आणि एकाच जातीचे निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडत राहतात. रिपोर्टच्या आलेखावर त्या प्रथिनाचा सुळका दिसतो, त्याला एम-स्पाइक म्हणतात. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना तो आकडा तोंडपाठ असतो.

दादाला पहिल्या वेळी तीन औषधे एकत्र मिळाली. बोर्टेझोमिबचे पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, लेनालिडोमाइडची कॅप्सूल आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या. जोडीला नागीण उठू नये म्हणून एक गोळी आणि रक्तात गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन. डेक्साच्या रात्री त्याला झोप नसे. मध्यरात्री उठून हत्यारांची पेटी लावत बसे. नंतर त्याच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले आणि पुढचा काळ चांगला गेला, खडकी बाजारातून भाजी तोच आणायचा. मग एम-स्पाइक पुन्हा चढू लागला. या आजारात बहुतेकांचा कधी ना कधी चढतोच, आणि दर वेळी उलटताना आजार आधीच्या औषधांना अधिक निर्ढावलेला असतो.

त्या वेळी डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, बाजारात मिळणारी पुढची औषधे घ्यायची. दुसरा, एका ट्रायलमध्ये जायचे. त्या ट्रायलमध्ये निम्म्या रुग्णांना माहितीतली दोन औषधे मिळणार होती आणि निम्म्यांना तीच दोन अधिक एक नवे. कोणाला काय, हे डॉक्टर ठरवणार नव्हते, संगणकाची चिठ्ठी ठरवणार होती.

घरात जे झाले ते पुण्यातल्या कितीतरी घरांत होत असेल. वहिनी म्हणाल्या, “आधीच अंगात त्राण नाही, त्यांच्यावर प्रयोग नकोत.” पुतण्याला वाटले, कंपनी रुग्णालयाला पैसे देते म्हणून डॉक्टर गळ घालताहेत. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा आणून दिला. दादा गप्प होता. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, तू ते कागद वाचतेस ना, मग हेही वाच.” मी धाकटी असले तरी घरात सगळे मला ताईच म्हणतात.

ते कागद मी वाचते हे खरे. बँकेतून निवृत्त झाल्यावर शहरातल्या एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर, म्हणजे औषध चाचण्यांचे कागद तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, मी सामान्य नागरिक म्हणून काम करते. दादाची ट्रायल त्या रुग्णालयात नाही, हे इथेच सांगून ठेवते. २०१९ च्या नियमांप्रमाणे अशा समितीत किमान सात माणसे लागतात, निम्मी तरी त्या संस्थेबाहेरची, आणि त्यांत वैद्यकाशी संबंध नसलेला एक तरी माणूस लागतोच. माझे काम एवढेच की कागद रुग्णाच्या नजरेने वाचायचा आणि जे कळत नाही ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारायचे. या कामामुळे थोडा इतिहास वाचावा लागला. तो मी घरच्यांना सांगितला, तोच आपल्या वाचकांसाठी लिहिते.

लहान मुलांच्या ल्युकेमियावर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या रक्तकर्करोगावर, पहिले परिणामकारक औषध मिळाले त्यात आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा हात होता. त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेले अ‍ॅमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना दिले आणि त्यांतल्या १० मुलांची प्रकृती सुधारली. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले. पण काही आठवड्यांत, महिन्यांत आजार उलटला. एकच औषध दिले की ज्या पेशी त्याला पुरून उरतात त्याच पुन्हा वाढतात. क्षयरोगात हेच दिसले होते. नुसते स्ट्रेप्टोमायसिन दिले की जंतू निर्ढावायचे, सोबत दुसरे औषध दिले की तसे होणे कमी व्हायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी ल्युकेमियाच्या मुलांना चार औषधे एकत्र द्यायला घेतली. इतकी विषारी औषधे एकदम देणे क्रूर आहे, अशी टीका त्यांच्यावर त्यांच्याच सहकाऱ्यांनी केली. लहान मुलांच्या या ल्युकेमियातून आज प्रगत देशांत दहांपैकी जवळपास नऊ मुले बरी होतात, आणि ती एका औषधाने नव्हे, पाठोपाठ आणि एकत्र दिलेल्या अनेक औषधांनी.

क्षयाचे नाव निघाले म्हणून सांगते. आमच्या आईला क्षय झाला तेव्हा तिला सॅनेटोरियममध्ये ठेवावे लागले नाही. ती घरातच राहिली, आम्हा मुलांजवळ, ‘पास’ नावाच्या क्षयावरच्या औषधाच्या पुड्या नाक मुरडत घेत. हे जमले ते एका चाचणीमुळे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्रात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या झोपडीवजा घरातच तीच औषधे दिली गेली, आणि घरचे उपचारही तितकेच लागू पडतात हे १९५९ मध्ये जगापुढे आले. ते रुग्ण गरीब होते. त्यांच्या सहभागाचा लाभ आमच्या आईला झाला, आणि मी हे कधी विसरत नाही.

दादाच्या कॅप्सूलचा इतिहास तर माझ्या मनाला फार लागला. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या घराण्यातले. तेच थॅलिडोमाइड, ज्याने गर्भातल्या हजारो बाळांचे हातपाय हिरावले. न्यूयॉर्कच्या एका हृदयरोगतज्ज्ञांना मायलोमा झाला आणि कोणतेही औषध चालेनासे झाले, तेव्हा त्यांच्या पत्नीने ठिकठिकाणी फोन लावले, बोस्टनच्या डॉ. जुडा फोकमन यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि थॅलिडोमाइड देऊन पाहायला लावले. त्यांच्या पतीला त्याचा उपयोग झाला नाही, ते गेले. पण त्यातून जी चाचणी उभी राहिली तीत उपचार थकलेल्या ८४ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना गुण आला. १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका सीमा सिंघल या भारतीय वंशाच्या डॉक्टर. पुढे त्याला डेक्सामेथासोनची जोड मिळाली, मग बोर्टेझोमिबची, मग डाराटुमुमॅबसारख्या अँटिबॉडीची. प्रत्येकाची मारण्याची वाट निराळी. बोर्टेझोमिब पेशीतली टाकाऊ प्रथिने मोडणारी यंत्रणा बंद पाडते. लेनालिडोमाइड पेशीला जगण्यासाठी लागणारी काही प्रथिने नाहीशी करवते. डाराटुमुमॅब पेशीवरची सीडी-३८ ही खूण पकडून शरीराच्या प्रतिकारशक्तीला तिच्या अंगावर सोडते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आजार उलटलेले ५६९ रुग्ण होते. लेनालिडोमाइड आणि डेक्सा घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतरही आजार न वाढलेले सुमारे ६० टक्के, आणि त्यात डाराटुमुमॅब मिळवल्यावर ८३ टक्के.

हे वाचून कोणालाही वाटेल, मग चाचणी कशाला, तीन चांगली औषधे आहेत ना, द्या एकत्र. माझा त्या वाचकांशी खरा मतभेद इथे आहे आणि इथेच मला सर्वांत जास्त सांगायचे आहे.

व्हेनेटोक्लॅक्स हे ल्युकेमियात नावाजलेले औषध. उलटलेल्या मायलोमात बोर्टेझोमिब आणि डेक्साला त्याची जोड देऊन पाहिली गेली, २९१ रुग्णांत. आजार थोपवण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला. कागदावर विजयच. पण मृत्यू मोजले तेव्हा व्हेनेटोक्लॅक्स मिळालेल्या १९४ पैकी ४१ रुग्ण गेले होते, आणि न मिळालेल्या ९७ पैकी ११. जंतुसंसर्गाने जाणारे त्यात बरेच. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मायलोमातल्या या औषधाच्या चाचण्यांत नवे रुग्ण घेणे थांबवले. त्याआधी, जुलै २०१७ मध्ये, पेम्ब्रोलिझुमॅबच्या बाबतीत असेच झाले. कित्येक कर्करोगांत आयुष्य वाढवणारे हे औषध मायलोमातल्या दोन जोड्यांत मिसळले तर त्याच्याविना असलेल्या गटापेक्षा मृत्यू जास्त दिसले, आणि चाचण्या थांबवल्या गेल्या.

आता कल्पना करा की या चाचण्या झाल्याच नसत्या. निरनिराळ्या शहरांतल्या हुशार, प्रामाणिक डॉक्टरांनी आपल्या अनुभवावर विसंबून हीच जोडी दिली असती. एखादा रुग्ण न्यूमोनियाने गेला असता आणि घरच्यांनी म्हटले असते, आजारच तसा होता. दुसऱ्या गटाशी तुलना नाही, मोजणारे कोणी नाही, थांबवणारेही नाही. रुग्णांवर खरा प्रयोग तो, आणि तो कोणाच्या नोंदीत नसतो. चाचणीत निदान गंभीर काही घडले तर २४ तासांत कळवावे लागते, आकड्यांवर बाहेरच्या तज्ज्ञांची नजर असते, आणि नुकसान दिसले तर दार बंद होते. शिवाय व्हेनेटोक्लॅक्सच्या त्याच चाचणीतून हाही संकेत मिळाला की गुणसूत्रांत एक विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांना या औषधाचा फायदा होऊ शकतो. म्हणजे कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे कळण्याचाही दुसरा मार्ग नव्हता.

दादाने सही केली. चिठ्ठीत त्याच्या वाट्याला जुनीच दोन औषधे आली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले, पुतण्या चिडला, इतके करून नवे औषध मिळालेच नाही म्हणून. मी त्यांना वरचे ४१ आणि ११ हे आकडे पुन्हा सांगितले. जुना गट म्हणजे उपचार नाकारलेला गट नव्हे. तिथेही त्या वेळी मान्य असलेला पुरा उपचार मिळतो, तपासण्या वेळच्या वेळी होतात, आणि नवे औषध चांगले ठरेल की वाईट हे चिठ्ठी काढताना देवालाच ठाऊक. सगळ्यांना पटले असे नाही. वहिनी अजून हळहळतात, आणि मला त्यांचे मन कळते. दादाचा एम-स्पाइक सध्या खाली आहे, पायांना मुंग्या येतात, थकवा आहे. काढ्याची बाटली मी डॉक्टरांसमोर ठेवली तेव्हा त्यांनी तो बंद करायला सांगितला, कारण एका औषधाचे रक्तातले प्रमाण दुसऱ्या पदार्थाने किती बदलेल हे सांगता येत नाही. घरचे काढे, चूर्णे, ग्रीन टीसुद्धा, जे काही रुग्ण घेत असेल ते डॉक्टरांना सांगा, ही माझी सर्व वाचकांना कळकळीची विनंती.

याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. व्हेनेटोक्लॅक्ससोबत पोसाकोनाझोल हे बुरशीवरचे औषध दिले तर यकृत व्हेनेटोक्लॅक्स सावकाश मोडते, म्हणून ल्युकेमियाच्या एका प्रकारात ४०० मिलिग्रॅमऐवजी ७० मिलिग्रॅम द्यावे असे त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे. इतक्या महागड्या औषधात याचा अर्थ काय होतो, हे ज्याने मेडिकलच्या काउंटरवर बिल भरले आहे त्याला सांगायला नको. आपल्याकडचे अनेक डॉक्टर हा मार्ग वापरतात. पण कमी डोसाची जोडी आपल्या रुग्णांत नेमकी किती लागू पडते हे मोठ्या, नीट आखलेल्या चाचणीत तपासायला कोणती कंपनी पैसे घालेल? तिला कमी गोळ्या विकण्यात रस असणार नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोके आणि मानेच्या कर्करोगात हे करून दाखवले. नेहमीच्या औषधांना निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध नेहमीच्या डोसाच्या अगदी थोड्या अंशाइतके जोडले, १५१ रुग्णांत. वर्षभराने हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि त्याच्याच घराण्यातले पोमालिडोमाइड आज भारतात बनतात. त्यांच्या परवडणाऱ्या जोड्या उलटलेल्या मायलोमात आणि लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, तपासण्यासाठी राज्य सरकारने पैसा द्यावा आणि ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाला त्यात स्थान द्यावे. परदेशी चाचण्यांतले रुग्ण आपल्यासारखे क्षयाच्या आणि कावीळ ब च्या सावलीत वाढलेले नसतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली की ही जुनी दुखणी डोके वर काढू शकतात. आपल्या जोड्यांची पारख आपल्या माणसांत व्हायला हवी.

राहिला संमतीपत्राचा प्रश्न, आणि इथे त्या वाचकांची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. दादाला दिलेले संमतीपत्र मराठीतच होते, पण फार लांब आणि दाट छपाईचे. त्याला जे जाणून घ्यायचे होते ते अगदी साधे होते. मधेच सोडता येईल का? सोडल्यावर तुम्ही मला बघाल का? इजा झाली तर खर्च कोणाचा? दापोडीहून दर वेळी रिक्षाने यायचे, ते भाडे कोण देईल? याची उत्तरे त्यात होती, पण विखुरलेली आणि पार शेवटच्या पानांत. नियम रुग्णाच्या बाजूचे आहेत. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात, शिवाय भरपाई आहे. हे सारे पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत यायला काय हरकत आहे? मी आमच्या समितीत हा आग्रह धरला आहे. पुण्यातल्या बाकीच्या समित्यांनीही धरावा. आणि कागद घरी नेऊन, घरच्यांसोबत वाचून, दोन दिवसांनी सही करण्याची मुभा मागितली तर कोणीही तोंड वाकडे करू नये.

लातूर, सोलापूर, नगरहून एसटीने वाकडेवाडीला किंवा स्वारगेटला उतरून, हातात रिपोर्टची पिशवी घेऊन येणाऱ्या रुग्णांना बहुधा ट्रायलबद्दल कोणी सांगतच नाही. भारतात चालणाऱ्या प्रत्येक चाचणीची आधी नोंद करणे २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती नोंदवही कोणालाही मोफत पाहता येते, पण ती इंग्रजीत आहे आणि शोधायची कशी हे सामान्य माणसाला उमगत नाही. प्रत्येक कर्करोग विभागाने आपल्याकडे चालू असलेल्या चाचण्यांची मराठी यादी ओपीडीच्या भिंतीवर लावावी. कोणता आजार, किती उपचार झालेल्यांना प्रवेश, नोंदणी क्रमांक आणि विचारणा कोणाकडे करायची, एवढे पुरे. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो देत नाही त्याच्याकडे सही करू नये, हे मी रुग्णांनाही सांगेन.

याच शहरात २०२० च्या ऑगस्टमध्ये कोविशील्डच्या भारतातल्या चाचणीची सुई पहिल्या स्वयंसेवकांनी टोचून घेतली आणि आपण सर्वांनी त्यांचे कौतुक केले. आजार उलटलेला माणूस सही करतो तेव्हा तो त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक पणाला लावतो. त्याला फसवले जाऊ नये यासाठी आपण भांडू या. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की, ‘बंद करा’ ऐवजी पहिल्या पानावरच्या हक्कांची, ओपीडीतल्या यादीची आणि सरकारी खर्चाने होणाऱ्या चाचण्यांची मागणी करणारे निवेदन त्यांनी तयार करावे. त्यावर मी सही करीन, आणि दादाही करणार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे
(भावाच्या आजाराचा उल्लेख असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)